क्लोज टू द एज तीन वेळा ऐकला, अजून आत शिरता येत नाहीये

निळीवाट

नमस्कार मंडळी. मी मूळचा पिंक फ्लॉइडवाला. डार्क साइड, विश यू वेअर हिअर, अ‍ॅनिमल्स सगळं तोंडपाठ आहे आणि एकोज तर माझं सगळ्यात लाडकं, त्यामुळे २३ मिनिटांचं गाणं बघून घाबरणाऱ्यातला मी नाही. पण सगळीकडे यस या बँडचा क्लोज टू द एज अल्बम म्हणजे प्रोगचं, म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉकचं, शिखर असं वाचलं म्हणून मागच्या आठवड्यात लावला, तीन वेळा नीट बसून ऐकला, आणि खरं सांगतो तिन्ही वेळा त्याच नावाच्या पहिल्या गाण्यात पहिल्या चार मिनिटांतच हरवलो. पक्षी, पाणी, छान, मग एकदम सगळे एकाच वेळी वेगवेगळं काहीतरी वाजवायला लागतात, मधेच थांबून आवाज लावतात, परत सुरू. गाणारा येईपर्यंत मी थकलेला असतो. माझं कुठे चुकतंय? आणि दुसरं म्हणजे फ्लॉइडनंतर नेमकं कुठे जावं? यादी नकोय, याद्या खूप मिळतात, तुम्ही स्वतः कसे आत शिरलात ते सांगा.

बाजूबी

चुकत काहीच नाहीये. फ्लॉइडची सवय असली की यस सुरुवातीला अंगावर येतोच, कारण फ्लॉइड एक वातावरण तयार करतात आणि तुम्हाला त्यात निवांत बसू देतात, यस तुम्हाला बसूच देत नाहीत. एक करून बघा. पुढच्या वेळी सुरुवातीपासून लावूच नका, साडेआठ मिनिटांच्या आसपास जिथे सगळं शांत होतं आणि थेंब पडल्यासारखे सूर येतात तिथून लावा. तो आय गेट अप आय गेट डाउन नावाचा भाग. तिथे दोन वेगळ्या चाली एकमेकांवर गायल्यात, आणि बाराव्या मिनिटानंतर जो ऑर्गन येतो तो खरा चर्चमधला पाइप ऑर्गन आहे, यसचा कीबोर्डवाला रिक वेकमनने लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमध्ये वाजवलेला. तो शेवटपर्यंत ऐका आणि मग दुसऱ्या दिवशी सुरुवातीपासून लावा. तेव्हा लक्षात येईल की ती आय गेट अपची ओळ आधीच्या धावपळीत दोनदा येऊन गेलेली असते, फक्त इतक्या वेगात की आपण ती धरलेलीच नसते. तीच ओळ मध्यावर संथ होऊन येते आणि शेवटी परत मोठी होऊन येते. माझ्यासाठी सगळं गाणं या एका ओळीच्या परत येण्यावर उभं आहे.

खर्जातला

बाजूबी यांना +१, पण माझा रस्ता वेगळा होता. मी फक्त बेस ऐकला. अक्षरशः बाकी सगळं सोडून दिलं आणि यसच्या ख्रिस स्क्वायरचा रिकनबॅकर बेस गिटार धरून १८ मिनिटं गेलो. त्याचा बेस खाली गपचूप बसून राहत नाही, दातेरी आवाज आहे, कुठेही ऐकू येतो, त्यामुळे बोट धरायला सोपा. पहिल्या गोंधळात गिटार आणि कीबोर्ड सैरावैरा पळत असतात तेव्हा बेस मात्र एक चढणारी उतरणारी ओळ पुन्हा पुन्हा वाजवत असतो. ती एकदा कानात बसली की तो गोंधळ गोंधळ वाटत नाही, मग उलट वाटतं किती काटेकोर बसवलंय सगळं. हेडफोन मात्र बरा हवा, फोनच्या स्पीकरवर हे अजिबात कळणार नाही.

सातमात्रे

निळीवाट, तुम्ही म्हणता थकायला होतं, त्याचं एक कारण लयीत आहे. आपण नकळत चार मोजत असतो आणि हे लोक चारात नसतात. पण तुम्हाला हे नवीन नाही हो, फ्लॉइडचं मनी तुम्ही शेकडो वेळा ऐकलं असेल, ते सातात आहे. सॅक्सचा सोलो पण सातात आहे आणि मग गिटारचा सोलो सुरू होताना बँड सरळ चारात उतरतो, म्हणून तिथे गाडी एकदम मोकळ्या रस्त्याला लागल्यासारखी वाटते. म्हणजे कान तयार आहेत, फक्त लक्ष दिलेलं नाही.

याच्या पुढची पायरी म्हणजे जेनेसिसचं सपर्स रेडी, फॉक्सट्रॉट अल्बममधलं, १९७२. त्यात शेवटाकडे अपोकॅलिप्स इन नाइन एट नावाचा भाग येतो. खाली बेस, गिटार आणि फिल कॉलिन्सचे ड्रम्स नऊ मात्रांचं एक आवर्तन धरून बसतात, ३+२+४ असं, आणि वरून टोनी बँक्स ऑर्गनवर असं वाजवतो की जणू त्याला या नवाशी काही देणंघेणं नाही. तो आपल्या हिशोबाने जातो, यांचं आवर्तन यांच्या हिशोबाने फिरतं. मी पहिल्यांदा मोजत ऐकलं तेव्हा सम हातातून सुटली आणि मी मोजणं सोडून दिलं, आणि सोडल्यावरच ते खरं ऐकू आलं. तो ताण इतका वाढतो की पीटर गेब्रिएलचा आवाज परत येतो तेव्हा सुटल्यासारखं होतं, आणि त्यानंतर अगदी सुरुवातीची चाल परत येते, २० मिनिटांपूर्वी ऐकलेली. पहिल्यांदा ती नाजूक होती, आता पूर्ण बँड खाली उभा असतो. मी आजपर्यंत ते कोरड्या मनाने ऐकू शकलेलो नाही.

अबोली

सातमात्रे, +१०० फक्त त्या शेवटासाठी.

जुनीसुई

एक गोष्ट कोणी बोललं नाही अजून. ही गाणी २० मिनिटांचीच का असतात? १२ नाही ४० नाही. एकोज साडेतेवीस, सपर्स रेडी तेवीसच्या आसपास, क्लोज टू द एज पावणेएकोणीस, कॅरव्हॅनचं नाइन फीट अंडरग्राउंड बावीस-तेवीस, व्हॅन डर ग्राफ जनरेटरचं प्लेग ऑफ लाइटहाउस कीपर्स पण तेवीस. कारण रेकॉर्डची एक बाजू तेवढीच असते. मिनिटाला ३३⅓ फेरे, बाजूला २० ते २२ मिनिटं बसवली तर आवाज भरदार राहतो, त्याच्यापुढे गेलात की खाचा जवळजवळ कोराव्या लागतात, मग आवाजाची पातळी आणि बेस दोन्ही कमी करावं लागतं. शिवाय सुई आतल्या कडेला जाते तसा एका फेऱ्याचा घेर कमी होतो पण वेळ तेवढाच राहतो, त्यामुळे वरचे बारीक सूर आतल्या खाचांत नीट मावत नाहीत. आणि गंमत बघा, या लोकांचे सगळ्यात मोठे शेवट नेमके तिथेच येतात, बाजूच्या शेवटी, जिथे रेकॉर्ड सगळ्यात कमजोर असते.

जेथ्रो टलने थिक अ‍ॅज अ ब्रिकमध्ये, १९७२, दोन्ही बाजूंचं मिळून एकच गाणं केलं, त्रेचाळीसेक मिनिटं. मधे उठून रेकॉर्ड उलटायची. त्यांच्या आधीच्या अ‍ॅक्वालंगला समीक्षकांनी कन्सेप्ट अल्बम, म्हणजे एकाच कल्पनेवर बांधलेला अल्बम, म्हटलं ते टलच्या इयन अँडरसनला पटलं नाही म्हणून त्याने मग खराखुरा कन्सेप्ट अल्बम काढला, वेष्टन म्हणून १२ पानी आख्खं वर्तमानपत्र छापलं आणि शब्द आठ वर्षांच्या जेरल्ड बॉस्टॉकच्या नावावर खपवले, जो मुलगा अस्तित्वातच नव्हता. एवढं करून संगीत मात्र पूर्ण मनापासूनचं आहे, म्हणून तो अल्बम टिकला.

तर माझा सल्ला, बाजू हे एकक धरा. गाणं नाही, अल्बम नाही, बाजू.

रेडशिफ्ट

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका कोणी. मला यस कधीच भिडला नाही. सगळं चकचकीत, सगळं उजेडात. ज्याला अ‍ॅनिमल्स आवडतो त्याला अंधार आवडतो, त्याने किंग क्रिमझनकडे जावं. आणि सुरुवात १९६९ च्या इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंगपासून करायची तर करा, ट्वेन्टी फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅनमधला तो मधला भाग, जिथे सगळे एकदम सुटतात आणि एकदम थांबतात, त्या थांबण्यातली शांतता ऐका, तेवढ्यासाठी सुद्धा तो अल्बम पुरेसा आहे. पण मला विचाराल तर थेट रेड, १९७४. तिघंच उरलेत, गिटारवर फ्रिप, बेसवर वेटन, ड्रम्सवर ब्रूफर्ड, आणि अल्बम दुकानात यायच्या आधीच फ्रिपने बँड मोडलाय. मागच्या कव्हरवर एका मीटरचा फोटो आहे, काटा लाल पट्ट्यात गेलेला. अल्बम तसाच वाजतो, भांडं तडकायच्या आधीचा आवाज.

आणि स्टारलेस. त्याच्याबद्दल मला काही सांगायचं नाहीये, ऐकूनच या. फक्त साडेचार मिनिटांनंतर जेव्हा गाणं थांबतं आणि बेस तेरा मात्रांचं काहीतरी घोळवायला लागतो आणि गिटारवर एकच सूर एकच सूर एकच सूर येत राहतो, तेव्हा पुढे ढकलू नका. हात लावू नका कशाला.

सातमात्रे

रेडशिफ्ट, उजेडात असणं हा दोष कधीपासून झाला? आणि ब्रूफर्ड क्लोज टू द एज करूनच क्रिमझनमध्ये गेला हे विसरू नका, दोन्ही ठिकाणी तोच हात आहे.

रेडशिफ्ट

तोच हात, पण यसमध्ये त्याला प्रत्येक मात्रा आधी ठरवून दिलेली होती. क्रिमझनमध्ये तो मोकळा आहे. त्यांच्या स्टारलेस अँड बायबल ब्लॅक अल्बमचा बराचसा भाग मैफिलीत तिथल्या तिथे सुचलेला आहे, टाळ्या काढून टाकल्यात म्हणून स्टुडिओतला वाटतो. हा फरक मोठा आहे.

शांतरस

यसचा विषय निघालाच आहे तर टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्सबद्दल बोलू द्या, कारण त्याला सगळे नावं ठेवतात आणि आपल्या भाषेत वाचणाऱ्याला त्यात एक दार उघडं आहे जे बाकीच्यांना दिसत नाही. यसचा गायक जॉन अँडरसनला ब्रूफर्डच्या लग्नात जेमी म्युअर भेटला, क्रिमझनचा तालवाद्यवाला, त्याने परमहंस योगानंदांचं आत्मचरित्र वाचायला सांगितलं. अँडरसन १९७३ मध्ये जपानच्या दौऱ्यावर असताना ते वाचत होता आणि एका तळटीपेवर अडकला. श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र, शास्त्रांचे चार प्रकार. एवढ्या एका तळटीपेवरून चार बाजूंची डबल रेकॉर्ड.

आता चार बाजूंची नावं बघा. पहिली द रिव्हीलिंग सायन्स ऑफ गॉड, म्हणजे प्रकट झालेलं, ऐकलेलं, श्रुती. दुसरी द रिमेंबरिंग, आठवणं, स्मृती. तिसरी द एन्शंट, पुराण या शब्दाचा अर्थच जुनं. चौथी रिच्युअल, तंत्र. त्याने शब्दांचे अर्थच नाव म्हणून दिलेत. वेष्टनावर स्मृती शब्द चुकून भलताच छापलाय, सुरितिज असा, त्यामुळे अनेकांना हा दुवा लागतच नाही. मी हे लक्षात ठेवून दुसरी बाजू ऐकली तेव्हा कळलं की ती एवढी संथ का आहे, चाली अर्ध्या येतात, विरतात, दुसऱ्याच कशात तरी परत सापडतात. आठवणी अशाच येतात ना. मला तो अल्बम प्रामाणिक वाटतो, आणि त्याला फुगवलेला म्हणणाऱ्यांनी त्याला कधी वेळ दिलाय असं वाटत नाही.

खर्जातला

शांतरस, नावांचं हे खरंच माहीत नव्हतं, धन्यवाद. पण वेळ दिलाय हो, खूप दिलाय. मला पहिली बाजू अतिशय आवडते, चौथीत स्क्वायर जे काही वाजवतो त्याला तोड नाही. पण दुसऱ्या-तिसऱ्या बाजूत ताणलंय हे वेकमनलाही वाटत होतंच, एका रेकॉर्डला जास्त आणि दोनला कमी एवढं साहित्य होतं असं त्याचं म्हणणं, आणि त्या दौऱ्यानंतर तो बाहेर पडला. कल्पना कितीही सुंदर असली तरी बाजू भरायची म्हणून भरली की ऐकणाऱ्याला कळतं. क्लोज टू द एजमध्ये असं एकही मिनिट नाही जे काढता येईल. टेल्सनंतरचा यसचा रिलेअर ऐका, त्यातलं गेट्स ऑफ डेलिरियम, बाविसेक मिनिटं, युद्ध आणि शेवटी सून (Soon) नावाचं शांत गाणं. तिथे लांबी कमावलेली आहे.

शांतरस

गेट्स ऑफ डेलिरियमबद्दल वाद नाही. पण काढता न येणं हा एकच निकष मला पुरत नाही. काही ठिकाणी नुसतं रेंगाळायला पण आवडतं.

निळीवाट

वाचतोय सगळं, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. मधे एक शंका. क्रिमझनच्या एपिटाफमध्ये जो व्हायोलिनचा मोठा ताफा वाजतो तो खरा वाद्यवृंद आहे का? आवाज ओळखीचा पण आहे आणि नाही पण. काहीतरी थरथरतंय त्यात.

जुनीसुई

तो मेलोट्रॉन. आणि तुम्ही थरथर बरोबर पकडलीत. दिसायला कीबोर्ड आहे, पण प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक वेगळा तुकडा, त्यावर खऱ्या वादकाने वाजवलेला तो एकच सूर रेकॉर्ड केलेला. पट्टी दाबली की टेप हेडवरून सरकायला लागते, सोडली की स्प्रिंगने मागे जाते. टेप आठेक सेकंदांची. म्हणजे आठ सेकंदांच्या आत बोट उचलावंच लागतं, नाहीतर आवाज संपतो. म्हणून मेलोट्रॉनच्या चाली तशा असतात, एक सूर दुसऱ्याच्या अंगावर रेललेला, हळूहळू बदलणारे. आणि मोटरचा वेग जरा इकडेतिकडे झाला की सूर हलतो, विजेचा दाब बदलला की हलतो, गरम झालं की हलतो. तुम्हाला जी थरथर ऐकू येते ती ही. यंत्राची उणीव आहे पण त्यातूनच तो कुठल्यातरी दूरच्या काळातून आल्यासारखा आवाज मिळाला. कोर्टमध्ये तो इयन मॅकडोनल्डने वाजवलाय. जेनेसिसचं वॉचर ऑफ द स्काइज सुरू होतं ते पण हेच, नुसते मेलोट्रॉनचे कॉर्ड, दीड मिनिट दुसरं जवळजवळ काही नाही.

अबोली

यावरून आठवलं, ज्यांना लांबी नको पण खोली हवी त्यांनी जेनेसिसचं फर्थ ऑफ फिफ्थ ऐकावं, सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड, १९७३. साडेनऊ मिनिटं. सुरुवातीला बँक्सचा पियानो. मधे गेब्रिएल बासरीवर एक साधी उदास चाल वाजवतो, फार कोणी लक्ष देत नाही तिच्याकडे. मग कीबोर्ड येऊन जातो. आणि मग स्टीव्ह हॅकेट तीच बासरीची चाल गिटारवर घेतो, खूप सावकाश, एक सूर इतका लांब धरतो की तो सुटेल की नाही असं वाटतं. मी आजारपणात बरेच दिवस अंथरुणात होते तेव्हा रोज रात्री हे एक गाणं ऐकायचे, आणि त्या लांब सुरापर्यंत श्वास धरून ठेवायचे. बरी झाल्यावर पण ती सवय राहिली.

आणि कोणीतरी रॉबर्ट वायटच्या रॉक बॉटमचं नाव घ्या रे. सॉफ्ट मशीनचा ड्रमर, १९७३ मध्ये खिडकीतून पडला, कमरेखाली लुळा झाला, पुढच्या वर्षी हा अल्बम. प्रोग म्हणजे नुसती बोटांची कसरत असं ज्यांना वाटतं त्यांनी तो ऐकावा.

सातमात्रे

अबोलीताई, हॅकेटचा तो सूर आता मी वेगळ्या कानाने ऐकेन.

परभाषी

सगळे इंग्लंडमध्येच फिरताय, जरा बाहेर या. इटलीत १९७२-७३ या दोन वर्षांत जे झालं ते अफाट आहे. पीएफएमचा पेर उन अमिको, बँकोचा डार्विन, ले ऑर्मेचा फेलोना ए सोरोना. बँकोचा गायक फ्रांचेस्को दी जाकोमो आवाज लावतो तेव्हा भाषा कळण्याची गरजच उरत नाही. आणि व्हॅन डर ग्राफचा पॉन हार्ट्स इंग्लंडात फारसा चालला नाही पण इटलीत पहिल्या क्रमांकावर गेला होता, हे लक्षात घ्या. गिटारवाला नाही त्यांच्यात, डेव्हिड जॅक्सन दोन सॅक्सोफोन एकदम तोंडात धरून वाजवायचा. फ्रान्सच्या माग्माने तर गाण्यासाठी नवी भाषाच तयार केली, कोबाइयन. माग्माच्या ख्रिस्तियां वांदेरचं म्हणणं फ्रेंच त्या संगीताला पुरेशी पडत नाही. फ्लॉइडवरून थेट माग्मावर जाऊ नका मात्र, वर्षभर थांबा.

निशाचर

आणि नवे? १९७५ नंतर कोणीच नाही का? पॉर्क्युपाइन ट्रीचा फिअर ऑफ अ ब्लँक प्लॅनेट, २००७, त्यातलं अ‍ॅनेस्थेटाइज १७ मिनिटांचं आहे, सोलो रशच्या अ‍ॅलेक्स लाइफसनचा. फ्लॉइडवाल्यांना सगळ्यात सोपा पूल हाच, मी त्यावरूनच मागे क्रिमझनपर्यंत गेलो. त्यांच्याच स्टीव्हन विल्सनने क्रिमझन, यस, टल, जेंटल जायंट सगळ्यांचे जुने अल्बम नव्याने मिक्स केलेत. निळीवाट, क्लोज टू द एज तुम्ही कुठलं मिक्स ऐकताय बघा, विल्सनच्या मिक्समध्ये सुरुवातीच्या त्या गर्दीत प्रत्येक वाद्याला जागा मिळाली आहे.

जुनीसुई

मिक्स चांगलंच आहे, पण पहिल्यांदा मूळच ऐकावं असं माझं मत. ती गर्दी त्यांना हवी होती.

निळीवाट

मंडळी, चार दिवसांनी येतोय.

बाजूबी म्हणाले तसं केलं. रात्री दिवे घालवून साडेआठ मिनिटांपासून लावलं. ऑर्गन आला तेव्हा मी उठून बसलो. दुसऱ्या दिवशी सुरुवातीपासून, खर्जातला यांचा बेस धरून, आणि आय गेट अप पहिल्यांदा वेगात येऊन गेली तेव्हा अक्षरशः हात वर केला, सापडली म्हणून. शेवटी पक्षी परत आले. तेच पक्षी, तेच पाणी. एकोजमध्ये तो पहिला टिंग परत येतो आणि मग तिसरं कडवं सुरू होतं, ते मला कायम आवडायचं, पण का आवडतं हे इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

मग काल स्टारलेस. रेडशिफ्ट, तुम्ही काही सांगितलं नाहीत ते बरं केलंत. एकच सूर एकच सूर, मधे ब्रूफर्ड कुठे काहीतरी लाकडी वाजवतो, सूर हळूच वर सरकतो, मला घाम फुटायला लागला होता. मग सगळं तुटतं, सॅक्स धावतो, आणि मग सुरुवातीची ती चाल परत. पहिल्यांदा गिटारवर किती मऊ होती ती. अल्बमची माहिती वाचली तर सॅक्सवाल्यांत इयन मॅकडोनल्डचं नाव, १९६९ च्या शेवटी बँड सोडून गेलेला तोच, एपिटाफच्या मेलोट्रॉनवाला. त्या काळातल्या क्रिमझनच्या शेवटच्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात तो परत आलाय. हे वाचून परत लावलं.

आज फॉक्सट्रॉट. दुसरी बाजू.

सातमात्रे

सपर्स रेडीच्या आधी त्याच बाजूला हॅकेटचं एकट्याचं छोटं गिटार आहे, होरायझन्स, दोन मिनिटांच्या आतलं. ते गाळू नका. आणि नाइन एटमध्ये मोजू नका पहिल्यांदा.